कुरकुरणारे क्लच पेडल : जुन्या छोट्या मोटारीच्या दुखण्याचे निदान

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे आणि समुद्रकाठच्या बामणघळीमुळे सर्वश्रुत आहे. भरतीच्या वेळी खडकातील अरुंद घळीत लाट शिरते आणि पाण्याचा फवारा उंच उसळतो. हे दृश्य पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून येणारे पर्यटक आपली मोटार किनाऱ्यालगत उभी करून तासन् तास रमतात. ज्या खाऱ्या वाऱ्याने मन प्रसन्न होते, तोच वारा मोटारीच्या लोखंडी अंगाला मात्र मानवत नाही. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या मोटारी, तसेच शहरात काही वर्षे वापरून गावाकडे विकल्या गेलेल्या छोट्या मोटारी यांच्या बाबतीत एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे ‘क्लच जड झाला आहे आणि दाबताना आवाज येतो’.

ही तक्रार वरवर किरकोळ वाटते. परंतु तिच्यामागे पेडलच्या खुंटीवरील सुकलेल्या ग्रीसपासून झिजलेल्या क्लचप्लेटपर्यंत अनेक कारणे असू शकतात. पहिल्या कारणाचा उपाय काही मिनिटांचा असतो, तर दुसऱ्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. योग्य निदान न झाल्यास चांगला क्लच सेट विनाकारण बदलला जातो, किंवा तुटू पाहणारी वायर तशीच ठेवून मोटार घाटात नेली जाते. म्हणूनच जुनी मोटार घेणाऱ्याने अथवा वापरणाऱ्याने हे निदान कोणत्या क्रमाने करावे, हे समजून घेणे हिताचे ठरते.

पेडलपासून प्लेटपर्यंत

क्लचचे काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणे व गरजेनुसार तोडणे हे होय. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला लागून क्लचप्लेट आणि तिच्यावर प्रेशर प्लेट असते. प्रेशर प्लेटमधील थाळीच्या आकाराची डायफ्रॅम स्प्रिंग क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते, त्यामुळे इंजिनची शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. चालक पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकून या स्प्रिंगच्या मधल्या पाकळ्यांवर दाब देते, स्प्रिंगची कड मागे येते आणि क्लचप्लेट मोकळी होते. गिअर बदलतो तो या मोकळ्या क्षणी.

पेडल आणि बेअरिंग यांच्यामधील दुवा दोन प्रकारचा असतो. मारुती ८००, ऑल्टो यांसारख्या छोट्या मोटारींत तो पोलादी वायरीचा असतो; इतर अनेक मोटारींत तो तेलाच्या दाबावर चालतो. वायरीचे तत्त्व सायकलच्या ब्रेकचे किंवा स्कूटरच्या क्लचचेच आहे. लवचीक पण न दबणारे बाहेरचे आवरण आणि त्याच्या आत सरकणारी तारांची पिळलेली दोरी अशी तिची रचना असते. अर्नेस्ट बाउडन यांना १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये मिळालेल्या पेटंटवरून तिला आजही बाउडन केबल म्हटले जाते. वायरीचे दुसरे टोक गिअरबॉक्सच्या बाहेर आलेल्या एका दांडीला जोडलेले असते. ही दांडी एका दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, बसवलेली असते आणि शाफ्ट फिरला की आतला फोर्क बेअरिंगला पुढे ढकलतो.

या साखळीतील प्रत्येक सांध्यावर घर्षण होते. पेडलची खुंटी, पेडलची परतीची स्प्रिंग, वायर, बाहेरची दांडी, शाफ्टचे बुश, बेअरिंग आणि डायफ्रॅम स्प्रिंग असे हे सांधे होत. पेडल जड होणे म्हणजे यांपैकी कोठेतरी विरोध वाढणे, आणि आवाज येणे म्हणजे कोठेतरी कोरडे घासणे. निदान करायचे म्हणजे हा सांधा शोधून काढायचा.

कोकणात हे दुखणे अधिक का?

भारतीय रस्त्यांवर छोट्या मोटारींचे पर्व १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली तेव्हा सुरू झाले. ७९६ सीसी क्षमतेच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाच्या या मोटारीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. १९९८ मध्ये सँट्रो व इंडिका, १९९९ मध्ये वॅगन आर आणि २००० मध्ये ऑल्टो अशा मोटारी बाजारात आल्या. यांपैकी अनेक मोटारी शहरातील पहिल्या मालकाकडून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या. शहरातील रहदारीत क्लच दिवसातून शेकडो वेळा दाबला जातो. त्यामुळे किलोमीटरचा आकडा कमी दिसला तरी क्लचची झीज कमी असेलच असे नाही.

त्यानंतर मोटार कोकणात येते. येथील चार महिन्यांच्या पावसात हवेतील ओलावा सतत टिकून राहतो. किनाऱ्यालगत त्यात मिठाचे सूक्ष्म कण मिसळतात. जांभ्याची तांबडी धूळ उन्हाळ्यात सांध्यांमध्ये शिरते आणि पावसात तिचा चिखल होतो. गिअरबॉक्सबाहेर उघडी असणारी क्लचची दांडी आणि वायरीचे खालचे टोक याच चिखलाच्या माऱ्यात येतात. त्यात मोटार दोन सणांच्या मध्ये महिनोन् महिने उभी राहते. न हलणाऱ्या वायरीतले ग्रीस सुकते, तारांवर गंज चढतो, शाफ्टचे बुश आवळतात. कधी उंदीर वायरीचे आवरण वा रबरी टोपणही कुरतडतात.

रस्त्यांचाही यात वाटा आहे. सड्यावरून किनाऱ्याच्या गावांकडे उतरणारे रस्ते चढ-उतारांचे आणि वळणांचे आहेत. तवसाळ–जयगड किंवा धोपावे–दाभोळ येथील फेरीबोटीवर मोटार चढवताना जेट्टीच्या उतारावर हळूहळू पुढे सरकावे लागते. अशा वेळी अर्धवट दाबलेल्या क्लचवर मोटार तोलली जाते आणि क्लचप्लेट घासून तापते. गणेशोत्सवात मुंबई–गोवा महामार्गावरील कोंडीतून आलेल्या मोटारीचा क्लच तर गावी पोहोचेपर्यंत पुरता शिणलेला असतो.

पहिली पायरी : इंजिन बंद ठेवून

निदानाची सुरुवात इंजिन बंद असताना, शांत जागी करावी. मोटार सपाट जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा. प्रथम पेडलखालची चटई पाहावी. काथ्याची किंवा रबरी चटई सरकून पेडलच्या मागे अडकल्याने पेडल जड वा अपुरे दबल्यासारखे वाटते, ही चूक अनेकदा नजरेतून सुटते.

नंतर पेडल पायाने न दाबता हाताने सावकाश दाबावे. सुरुवातीचा काही भाग अगदी हलका जातो. ही पेडलची मोकळी चाल, ज्याला मिस्त्री ‘फ्री प्ले’ म्हणतात. वायरीच्या छोट्या मोटारींत ती साधारणपणे दीड ते अडीच सेंटिमीटर असते. नेमका आकडा मोटारीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. काही मोटारींत वायर आपोआप ताण घेणारी असते किंवा बेअरिंग कायम टेकलेले असते. तेथे अशी मोकळी चाल नसते.

मोकळ्या चालीवरून बरेच काही कळते. क्लचप्लेट झिजत जाते तशी डायफ्रॅम स्प्रिंगची कड फ्लायव्हीलकडे आणि तिच्या पाकळ्या बेअरिंगकडे सरकतात. परिणामी मोकळी चाल कमी होत जाते. याउलट वायर ताणली गेली, तिच्या काही तारा तुटल्या किंवा आधाराचा पत्रा वाकला तर मोकळी चाल वाढते. त्यामुळे ‘पेडल जड आणि मोकळी चाल शून्याजवळ’ हे लक्षण प्लेटच्या झिजेकडे, तर ‘पेडल जड, खरखरीत आणि मोकळी चाल वाढलेली’ हे लक्षण वायरीकडे बोट दाखवते.

हाताने दाबताना विरोधाचा पोतही जाणून घ्यावा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच चिकट विरोध असेल तर गंज वा सुकलेले ग्रीस संभवते. मधेच खडखडत, झटक्याने सरकत असेल तर तुटलेल्या तारा आवरणात अडकत असण्याची शक्यता असते. पेडल जाताना जड आणि परत येताना मंद असेल तर दोष घर्षणाचा असतो. जाताना जड पण परत येताना जोरात उसळत असेल तर घर्षण कमी आणि स्प्रिंगचा दाबच अधिक आहे, असे मानता येते.

दुसरी पायरी : आवाजाची जागा शोधणे

इंजिन बंद असतानाही आवाज येत असेल तर त्याचे मूळ फिरणाऱ्या भागात नाही, हे उघड आहे. अशा वेळी दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबत राहावे आणि दुसऱ्याने आधी पेडलच्या वरच्या बाजूला, मग बॉनेट उघडून वायर पत्र्यातून बाहेर येते त्या ठिकाणी आणि शेवटी गिअरबॉक्सजवळच्या दांडीपाशी कान द्यावा. बोट हलकेच सांध्यावर ठेवल्यास घासण्याची थरथर जाणवते. कानापेक्षा बोटाची साक्ष अनेकदा अधिक खात्रीची ठरते. मात्र फिरत्या पट्ट्याजवळ किंवा पंख्याजवळ हात नेण्याची चाचणी इंजिन बंद असतानाच करावी.

पेडलच्या खुंटीपाशी ‘चूं-चूं’ असा आवाज येत असेल तर प्लॅस्टिकचे वा नायलॉनचे बुश कोरडे पडलेले किंवा झिजलेले असते. परतीची स्प्रिंग जेथे आकड्यात अडकते तेथेही असाच आवाज येतो. खुंटी आणि आकडा पुसून त्यावर थोडे ग्रीस लावल्यास आवाज थांबतो. पेडल आजूबाजूला हलत असेल तर मात्र ग्रीस लावून भागत नाही, बुश बदलावे लागते.

‘करकर’ असा जाड आवाज इंजिन व केबिन यांमधल्या पत्र्यातून येत असेल तर पेडल दाबताना तो पत्रा आत-बाहेर होतो का, हे पाहावे. जुन्या, गंजलेल्या मोटारीत पेडलच्या आधाराजवळ पत्र्याला तडा गेलेला असू शकतो. तेथे पत्रा लवत असल्याने पेडल पूर्ण दाबूनही क्लच अपुरा सुटतो. जुनी मोटार विकत घेताना ही बाब विशेष गांभीर्याने पाहावी, कारण हा दोष क्लचचा नसून सांगाड्याच्या गंजाचा असतो.

तिसरी पायरी : साखळी तोडून तपासणे

वायरीच्या क्लचमध्ये सर्वांत निर्णायक चाचणी म्हणजे वायर एका टोकाला सोडवून प्रत्येक भाग वेगळा हलवून पाहणे. हे काम जाणकार मिस्त्रीकडून करून घ्यावे. मोटारीखाली जाणे आवश्यक असल्यास ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावी. समुद्रकाठच्या वाळूत किंवा पावसाने भिजलेल्या अंगणात जॅक लावण्याचे धाडस करू नये.

वायर गिअरबॉक्सच्या दांडीपासून सोडवल्यावर पेडल दाबून पाहावे. क्लचच्या स्प्रिंगचा भार निघून गेल्याने ते अगदी सैल पडावयास हवे. तरीही ते अडत वा कुरकुरत असेल तर दोष पेडलमध्ये किंवा वायरीत आहे. आता वायरीचे वरचे टोकही सोडवून आतली दोरी हाताने ओढून पाहावी. ती अडखळली, तिच्या टोकाशी तारा सुटलेल्या दिसल्या किंवा आवरण एखाद्या जागी चेपलेले, वितळलेले आढळले तर वायर बदलणे हाच उपाय होय. वायर निर्दोष सरकत असेल आणि पेडल अडत असेल तर खुंटीकडे पाहावे.

पेडल आणि वायर दोन्ही निर्दोष आढळल्यास दांडी हाताने हलवावी. तिने बेअरिंग स्प्रिंगला टेकेपर्यंतचे छोटे अंतर सहज कापून परत यावयास हवे. ती आवळलेली असेल तर शाफ्टचे बुश गंजलेले आहेत. किनाऱ्यावर आणि दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीत हे कारण आवर्जून तपासावे. गंज सोडवणारे तेल बाहेरून थोडे लावल्यास काही दिवस आराम पडतो, पण ते जपून वापरावे. तेल आत झिरपून क्लचप्लेटवर पोहोचल्यास क्लच घसरू लागतो आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

दांडीही सैल हलत असेल तर उरतात आतले भाग. जड पेडलाचे कारण झिजलेली प्लेट व त्यामुळे बदललेली डायफ्रॅम स्प्रिंगची स्थिती, पाकळ्यांवर पडलेली खाच किंवा बेअरिंग ज्या नळीवरून सरकते तिच्यावरील ओरखडे यांपैकी एक असते. येथे गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

चौथी पायरी : इंजिन चालू असताना

आता हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे. पाय पेडलवरून काढून आवाज ऐकावा. मग पेडल अगदी हलके, मोकळी चाल संपेपर्यंतच दाबावे आणि शेवटी पूर्ण दाबावे. पेडल टेकताच ‘घर्रर्र’ किंवा शीळ घातल्यासारखा आवाज सुरू होत असेल आणि सोडताच थांबत असेल तर रिलीज बेअरिंग झिजले आहे. उलट पाय काढलेला असताना घरघर ऐकू येते आणि पेडल पूर्ण दाबताच ती नाहीशी होते, असे असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यावा; कारण क्लच सुटल्यावर तो शाफ्ट थांबतो. या दोन आवाजांतील फरक न ओळखल्यास क्लच सेट बदलूनही आवाज तसाच राहतो आणि वाहनधारक व मिस्त्री यांच्यात वाद उद्भवतो.

पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबल्यावर रिव्हर्स गिअर टाकताना दात घासल्याचा आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे. वायर ढिली असणे हे त्याचे सोपे कारण होय. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटारीत क्लचप्लेट गंजामुळे फ्लायव्हीलला चिकटल्यानेही असे घडते. तेव्हा पेडल नेहमीसारखे दबते, परंतु गिअर पडतच नाही. अशी मोटार गिअरमध्ये ठेवून सुरू करण्याचा प्रयोग गल्लीत वा अंगणात करू नये. ती अचानक पुढे झेप घेते.

चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, हे क्लच घसरत असल्याचे लक्षण आहे. मोटार उठताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल लागलेले असू शकते किंवा इंजिनचे रबरी माउंटिंग खचलेले असू शकते. माउंटिंग खचल्यास इंजिन जागचे हलते, वायरीचे वळण बदलते आणि पेडलही जड लागते. म्हणून वायर बदलण्यापूर्वी माउंटिंगवर नजर टाकणे शहाणपणाचे ठरते.

नवी वायर पुन्हा पुन्हा जड होत असेल तर

कधी कधी नवी वायर टाकूनही काही आठवड्यांत पेडल पुन्हा जड होते. दोष वायरीच्या दर्जाला दिला जातो. पण त्यामागे एक अनपेक्षित कारण असू शकते, ते म्हणजे इंजिनची अर्थिंगची पट्टी. बॅटरीचे ऋण टोक मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले असते आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने ते सांगाड्याला वेगळ्या जाड पट्टीने जोडावे लागते. खाऱ्या हवेत ही पट्टी किंवा तिचे बोल्ट गंजतात. मग स्टार्टर फिरवताना लागणारा प्रचंड विद्युतप्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो आणि इंजिन व सांगाडा यांना जोडणाऱ्या क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या पोलादी वायरीतून वाहतो. वायर तापते, आवरणाच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर मऊ पडते आणि दोरी त्यात रुतू लागते.

स्टार्टर मंद फिरणे, सुरू करताना दिवे अतिशय मंदावणे आणि क्लचची वायर स्पर्शाला गरम लागणे ही याची लक्षणे होत. पट्टीची दोन्ही टोके खरडून, घट्ट आवळून घेतल्यास किंवा पट्टी बदलल्यास पुढच्या वायरी वाचतात. एक्झॉस्टच्या पाइपाजवळून वायर जात असल्यासही अस्तर वितळते. म्हणून नवी वायर मूळच्या चिमट्यांतून आणि मूळच्या वळणानेच नेली आहे ना, याची खात्री करावी. वायरीला जितकी तीव्र वळणे, तितके घर्षण अधिक.

तेलावर चालणारा क्लच

ज्या मोटारींत क्लच तेलाच्या दाबावर चालतो, तेथे तपासणी थोडी वेगळी असते. पेडलजवळ मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो. दोहोंना नळी जोडते. यात ब्रेक ऑइल वापरले जाते. टाकीतील तेल कमी झालेले असणे, पेडलमागच्या भागात किंवा गिअरबॉक्सजवळ ओल दिसणे ही गळतीची खूण होय. तेलात हवा शिरल्यास पेडल जड न होता उलट पोकळ लागते. पेडल जड होऊन परत येण्यास वेळ लावत असेल तर रबरी नळी आतून फुगलेली असू शकते किंवा सिलिंडरचे रबर सुजलेले असू शकते. ब्रेक ऑइलऐवजी चुकून इंजिन ऑइल वा तत्सम खनिज तेल ओतल्यास रबर फुगते. टाकीत कोणते तेल चालते हे तिच्या झाकणावर लिहिलेले असते. ते वाचूनच तेल घालावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे दमट किनारपट्टीवर ते ठरावीक काळाने बदलण्याचे वेळापत्रक कसोशीने पाळावे.

गिअरबॉक्स उतरवलाच तर

निदान आतल्या भागांपर्यंत पोहोचले आणि गिअरबॉक्स खाली आला, तर केवळ आवाज करणारे बेअरिंग बदलून काम उरकणे ही खोटी बचत ठरते. अशा दुरुस्तीत मजुरीचा वाटा मोठा असतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग ही तिन्ही एकत्र बदलण्याची रीत त्यासाठीच पडली आहे. त्याच वेळी शाफ्टचे बुश, फोर्कची झीज, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि इंजिन व गिअरबॉक्सची ऑइल सील तपासून घ्यावीत. गळक्या सीलखाली नवी प्लेट बसवली तर ती लवकरच तेलकट होते. प्लेटच्या मधल्या खाचांना ग्रीस अगदी बेताचे लावावे. जादा ग्रीस फिरताना उडून प्लेटवरच जाते. काढलेले भाग वाहनधारकाने पाहून घ्यावेत. जुन्या प्लेटच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ती हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

जुनी मोटार विकत घेताना

जड पेडल ही विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने सौद्यातील महत्त्वाची बाब आहे. विकणारा ‘वायर टाकली की झाले’ असे सांगतो. ते खरेही असू शकते, परंतु वायर काही शे रुपयांची आणि क्लचचे पूर्ण काम काही हजारांचे असल्याने खातरजमा आधीच व्हावी. त्याच मॉडेलच्या, चांगल्या स्थितीतील दुसऱ्या मोटारीचे पेडल दाबून पाहणे ही सर्वांत सोपी तुलना होय. मोटार थंड असताना आणि अर्धा तास चालवून तापल्यावर अशी दोनदा चाचणी घ्यावी. वायर जोडण्याच्या ठिकाणचा ताणाचा नट पाहावा. समायोजनाचे सगळे आटे संपलेले असतील तर वायर किंवा प्लेट शेवटच्या टप्प्यात आहे, असे समजावे.

वायर अचानक तुटल्यास

जड पेडलाकडे दुर्लक्ष केल्यास वायर एके दिवशी तुटते. तोपर्यंत ती बहुधा एकेक तारेने सूचना देत असते. पेडल एकाएकी सैल होऊन तळाशी गेले की गिअर बदलता येत नाही आणि थांबताना इंजिन बंद पडते. कुंभार्ली किंवा परशुराम घाटात असा प्रसंग ओढवल्यास मोटार रस्त्याच्या कडेला घेऊन, हँडब्रेक ओढून, चारही इंडिकेटर चालू करावेत आणि चाकांना दगड लावून मदत मागवावी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर काही जुन्या मोटारी पहिल्या गिअरमध्ये ठेवून स्टार्टरने हलवता येतात. मात्र ती केवळ मोटार धोक्याच्या जागेतून बाजूला काढण्याची युक्ती आहे, प्रवास पुरा करण्याची नव्हे. क्लच दाबल्याशिवाय सुरूच न होणाऱ्या मोटारींत ती बहुधा चालतही नाही. दूरच्या प्रवासाला निघताना डिकीत एक जादा क्लच वायर ठेवण्याची जुन्या चालकांची सवय आजही अनुकरणीय आहे.

लक्षणे व संभाव्य कारणे

इंजिन बंद असताना पेडलपाशी बारीक कुरकुर : खुंटीचे बुश किंवा परतीच्या स्प्रिंगचा आकडा.

पेडल खरखरत, झटके देत दबणे : वायरीच्या तारा तुटलेल्या.

पेडल जड आणि परत येण्यास मंद : गंजलेली वायर किंवा शाफ्टचे बुश, तेलाच्या क्लचमध्ये नळी वा रबर.

पेडल जड, मोकळी चाल संपलेली, चढावर क्लच घसरणे : प्लेट झिजलेली.

पेडल दाबताच घरघर : रिलीज बेअरिंग.

पेडल सोडल्यावर घरघर, दाबल्यावर शांतता : इनपुट शाफ्टचे बेअरिंग.

नवी वायर वारंवार खराब होणे : अर्थिंगची पट्टी, वायरीचे चुकीचे वळण किंवा एक्झॉस्टची जवळीक.

काळजी आणि सवयी

क्लचचे आयुष्य बरेचसे चालकाच्या पायावर अवलंबून असते. गिअर बदलून झाल्यावर पाय पेडलवर विसावू देऊ नये. त्या हलक्या दाबानेही बेअरिंग सतत फिरत राहते. चढावर थांबताना मोटार अर्ध्या क्लचवर न तोलता हँडब्रेक लावावा. कोंडीत वा फेरीबोटीच्या रांगेत थांबणे लांबल्यास न्यूट्रलमध्ये येऊन पाय काढावा. किनाऱ्यावरून परतल्यावर मोटारीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा, पण पाण्याचा जोराचा झोत वायरीच्या टोकावर वा रबरी टोपणांवर मारू नये. गावी उभी राहणारी मोटार शक्यतो पंधरा दिवसांतून एकदा सुरू करून थोडी चालवावी आणि क्लच काही वेळा पूर्ण दाबून सोडावा. वायरीत तेल सोडण्यापूर्वी तिला आतून प्लॅस्टिकचे अस्तर आहे का, हे पाहावे. अशा वायरींबाबत उत्पादकाची सूचना पाळणेच योग्य, कारण काही तेलांनी अस्तर फुगते आणि चिकट तेलावर धूळ बसते.

पेडल जड झाल्याचे पायाला रोजच्या सवयीमुळे कळत नाही. दुसऱ्या कोणी मोटार चालवली की तो लगेच सांगतो. गणपतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी अशा दुसऱ्या माणसाला पेडल एकदा दाबून पाहायला सांगावे. तो ‘जड आहे’ म्हणाला, तर वर सांगितलेल्या क्रमाने तपासणी करण्यास घराच्या अंगणात एक सकाळ पुरते. हेच काम भर पावसात, घाटातील वळणावर करण्याची वेळ आली तर मात्र दिवस अपुरा पडतो.